बंदी चर्चची की विद्यापीठाची?

असे मत अनेकदा मांडले जाते की, मध्ययुगीन युरोपात चर्चने वैद्यकावर बंदी घातली आणि उपचार करणाऱ्या स्त्रियांना चेटकिणी ठरवून जाळले. हे चित्र फारच सरधोपट वाटते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, शस्त्रक्रियेतील चिरफाड आणि डागण्या देण्यास मनाई केली, ती पाद्री आणि त्यांच्या हाताखालचे डीकन, उपडीकन या धर्मसेवकांना, सर्व वैद्यांना नव्हे. आणि चेटकिणींची मोठी धरपकड तर मुख्यतः पंधराव्या ते सतराव्या शतकातली.

स्त्रियांना खरा अडसर झाला तो विद्यापीठांचा. १३२२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने जाकोबा फेलिसी या स्त्रीवर परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल खटला भरला. ती नाडी पाहत असे, मूत्रपरीक्षा करीत असे, म्हणजे पदवीधर वैद्य जे करीत तेच. शिवाय नामांकित वैद्यांनी हात टेकल्यावर हिनेच आपल्याला बरे केले, अशा साक्षी तिच्या रुग्णांनी दिल्या. पुरुष वैद्यापुढे गुप्त दुखणे सांगण्यास स्त्रिया लाजतात, म्हणून स्त्री वैद्य हवीच, हा तिचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. न्यायालयाने मात्र गुणापेक्षा परवाना मोठा मानला आणि तिला दंड ठोठावला. ज्या विद्यापीठात स्त्रीला प्रवेशच नव्हता, त्याचाच परवाना तिच्याकडे मागितला जात होता! जाता जाता, धर्मबहिष्काराचे, म्हणजे एखाद्याला चर्चबाहेर काढण्याचे, अस्त्र चर्चचेच होते, आणि तेही या खटल्यात विद्याशाखेच्या बाजूने वापरले गेले.