मदत हवी आहे : केस-नखं कापताना दुखत का नाही? मुलांना दाखवायचंय

सुरसागर_काठी :
बडोद्यात दांडिया बाजारात शनिवारी मुलांचा मराठी वर्ग असतो, वयं आठ-नऊ. 'केस-नखं निर्जीव असतात' म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले : मग वाढतात कशी? आणि केस ओढला की दुखतं का? वर्गात करून दाखवता येईल असं काही सुचवा.

केराटिन :
वाढ मुळाशी होते, हे आधी सांगा. त्वचेखाली मुळाशी पेशी जिवंत असतात. त्या केराटिन नावाच्या प्रथिनाने भरत जातात, वर सरकता सरकता मरतात. बाहेर दिसतो तो केस. त्यात ना रक्त ना मज्जातंतू, मग कात्री लागल्याचं मेंदूला कळवणार कोण? मुळाभोवती मात्र मज्जातंतूंचं वेटोळं असतं.
एकच केस चिमटीत धरून पुढचं टोक कापा : काही नाही. तोच केस हलकेच ओढा : लगेच कळतं. हातावरच्या लवेवरून कागदाची कड त्वचेला न लावता फिरवा. लव वाकते, जाणीव मुळाशी होते.
डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो. म्हणजे ३० सेंमी केसाचं टोक अडीच वर्षांपूर्वीचं! हे वेणी हातात धरूनच सांगा.

मांडवीकर :
नखाचं सांगतो. नख दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. तो रंग नखाचा नाही, खालच्या मांसातल्या रक्ताचा, मज्जातंतूही तिथेच. पुढचा पांढरा भाग सुटा, म्हणून कापलेला कळत नाही. जिव्हाळी लागली की मात्र डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा १-२ मिमी पांढरं ठेवूनच कापावं. पायाच्या अंगठ्याचं नख सरळच कापा. कोपरे कोरले की कड मांसात घुसते, सुजतं, पू होतो.
नखाच्या मुळाशी कातडीलगत नेलपॉलिशचा ठिपका द्या, पुसट झाला की त्याच जागी पुन्हा. चार आठवड्यांनी पट्टीने मोजा : हाताच्या नखावर सुमारे ३ मिमी पुढे, पायाच्या नखावर त्याच्या निम्मा.

सुरसागर_काठी :
ठिपके याच शनिवारी देते. एका मुलीला पांढरा भाग कापतानाही दुखतं, ते कशाने?

मांडवीकर :
नेलकटर बोथट असणार. बोथट पातं नख कापण्याऐवजी चेपून वाकवतं, ताण खाली चिकटलेल्या मांसावर येतो. आंघोळीनंतर नख मऊ असताना, थोडं थोडं कापा. बोथट कात्रीत केस अडकतो तेव्हाही हेच, ओढ मुळाला बसते.