पहिलीच स्की ट्रिप, ऑस्ट्रियात झेल-आम-झे: आठवडा कोणता, बूट कुठून, विमा कोणता?

पुणेरी_पेंग्विन
जानेवारीत झेल-आम-झेला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलं ९ आणि १३ वर्षांची, स्की कोणालाच येत नाही. सात रात्री. तीन प्रश्न अडलेत: आठवडा कोणता धरावा, बूट-स्की इथून विकत न्यावेत की तिकडे भाड्याने घ्यावेत, आणि व्हिसासाठी काढतो तो विमा स्कीला चालतो का?

डोंगरउतार
६ जानेवारीला तिकडे सुट्टी असते, त्यानंतरचा आठवडा बघा. नाताळची गर्दी ओसरलेली असते. फेब्रुवारीत शाळांना सुट्ट्या लागल्या की भाडी पुन्हा चढतात.

तारखेइतकाच वारही महत्त्वाचा. नवशिक्यांचे ग्रुप क्लास बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून बुधवारी पोचलात, तर खासगी शिक्षकाला पैसे मोजण्यात ती बचत उडून जाईल. शनिवारी पोचा. साल्झबुर्गहून रेल्वे दीडेक तासात थेट गावात सोडते.

डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा सहा दिवसांचा पास लगेच काढू नका. सुरुवातीचे एक-दोन दिवस सरावाच्या उतारावर, सरकत्या पट्ट्यावरच जातात. तिथे कोणता पास लागतो ते स्की स्कूललाच विचारा.

बकल_घट्ट
बूट-स्की भाड्यानेच. इथून न्यायचे ते मोजे, थर्मल, वॉटरप्रूफ हातमोजे, गॉगल. कॉटन काहीही नको, घामाने भिजलं की अंगावरच गार पडतं.

बुटाचा नंबर म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, उदा. २६.५. घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती सुटली पाहिजेत. चपलेसारखे ऐसपैस वाटले तर मोठे आहेत. मोजा एकच, तोही पातळ. दोन घातले की रक्तप्रवाह दाबला जातो आणि पाय उलट जास्त गारठतात. थर्मलची पट्टी बुटात जाऊ देऊ नका, नडगीवर वळ उठतात. बकल लावण्याआधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवा. खालची बकलं सैल, वरची घट्ट.

दुकानात वजन, उंची, वय विचारतील. लाजून खोटं सांगू नका. त्यावरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून (टाचेजवळ मिलिमीटरमध्ये छापलेली असते) बाइंडिंग (बूट स्कीवर पकडून ठेवणारा खटका) किती जोरात सुटायचं ते ठरतं. वजन कमी सांगितलंत तर स्की भलत्याच वेळी निसटते. ‘थोडंफार येतं’ अशी फुशारकी मारलीत तर पडताना सुटत नाही, आणि भार गुडघ्याच्या लिगामेंटवर येतो. दुसऱ्या दिवशी बूट बदललेत तर बाइंडिंगही पुन्हा लावून घ्या. हे सर्रास राहून जातं.

पॉलिसी_वाचा
शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, पण साध्या पॉलिसीत स्कीची दुखापत अनेकदा वगळलेली असते. ‘विंटर स्पोर्ट्स’ लेखी जोडून घ्या. दोन ओळी नीट शोधा: डोंगरावरून सुटकेचा खर्च आणि दुसऱ्याला धडकलात तर त्याची भरपाई. हेलिकॉप्टर आलं तर बिल हजारो युरोंत येतं. आखलेल्या मार्गाबाहेर गेलात तर बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

मुलांना तिथे हेल्मेट सक्तीचं आहे, पण मोठ्यांनीही घालाच.

पुणेरी_पेंग्विन
आभार! धाकटीला चष्मा आहे, तिचं काय?

बकल_घट्ट
चष्म्यावर बसणारा गॉगल घ्या, दुहेरी काचेचा. इथल्या दुकानात तिचा चष्मा आणि हेल्मेट घालूनच बसवून बघा. लिफ्टमध्ये गॉगल कपाळावर चढवू देऊ नका, घामाची वाफ आत अडकून काच धुरकटते. काच आतून पुसायची नाही, नुसती झटकायची, कारण आतला लेप रुमालानेच निघतो.