'एडिटर' म्हणजे संपादक की संकलक? आणि फॉरवर्ड करणाऱ्याला काय म्हणायचं?

हुरडा_हंगामी
कॉलेजच्या मुलांसाठी आठ पानी पुस्तिका मराठीत करतेय. बातमी किंवा रील आपल्या मोबाइलवर येईपर्यंत वाटेत कोणाकोणाचे हात लागतात, हा विषय. 'एडिटर'ला सगळीकडे 'संपादक' लिहिलं. सोलापुरात अशोक चौकात स्टुडिओ असलेल्या चुलतभावाला दाखवलं तर म्हणाला, "अक्का, मी काय पेपर काढलालो का? मी मिक्सिंगवाला."
दुसरी अडचण मोठी आहे. जो स्वतः काहीच बनवत नाही, नुसतं पुढे पाठवतो, त्याला काय म्हणायचं? 'प्रसारक' लिहिलं, पण वाचताना धर्मप्रसारकच डोळ्यांसमोर येतो.

चाटीगल्ली
मिक्सिंग! पाटीच असायची, 'लग्नाचे व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग'. आमच्या कॅसेटमध्ये अक्षता पडताना चारी बाजूंनी बदाम उडत येतात आणि मधल्या मोठ्या बदामात नेमके सासरे. त्याला 'संकलक' म्हटलं असतं तर पाचशे वाढवून घेतले असते.

जुळारी
वर्तमानपत्राचा संपादक, चित्रपटाचा संकलक. विषय संपला. 'दिग्दर्शक' सावरकरांनी दिला तेव्हाही लोक हसलेच असतील, आज कोणी हसतं का? शब्द वापरला की रुळतो. मिक्सिंग सिमेंटचं होतं.

शून्यलब्धी
रुळला म्हणून बरोबर ठरत नाही. संकलन म्हणजे बेरीज. 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात संकलित आणि व्यवकलित अशी जोडी आहे, बेरीज-वजाबाकी. सहा तासांच्या लग्नातले चार तास उडवणारा माणूस संकलक कसा? तो व्यवकलक.

जुळारी
उरलेले दोन तास तोच जोडतो ना?

कडक_भाकरी
'संपादणी' कोणालाच आठवेना का? बहुरूपी सोंग आणायचा, ते शेवटपर्यंत निभावणं म्हणजे संपादणी. आजोबा म्हणायचे, सोंग कोणीही आणेल, संपादणी अवघड. माझ्या मते संपादक तिथूनच आला. (संस्कृतवाल्यांनी लगेच धावून येऊ नये.)

शून्यलब्धी
धावून आलो. दोन्ही 'संपादन'चीच लेकरं, म्हणजे सिद्धीस नेणं. सोंगातून पेपर निघाला नाही.

कडक_भाकरी
काही पेपर वाचून तसं वाटत नाही. 'वार्ताहर'चंही तेच. हर म्हणजे हरण करणारा. आमच्या गल्लीतला एक दुसऱ्याच्या बातम्या उचलायचा, शब्दाला जागला.

शून्यलब्धी
'हृ' धातूला नेणं, आणणं आणि चोरणं असे तिन्ही अर्थ आहेत. इथे हरलो.

जुळारी
साखर पेठेतल्या छापखान्यात सहा वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेत, म्हणून हे नाव. एका साप्ताहिकाची शेवटची ओळ अजून पाठ आहे, 'हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक' आणि पुढे एकच नाव. त्या ओळीचे खिळे आम्ही सुटे करायचोच नाही. दोऱ्यानं बांधून खिडकीत ठेवलेली, दर अंकाला उचलून खाली लावायची. मालक यायचे सायकलवरून, बातमीही तेच लिहायचे आणि गठ्ठेही तेच टाकायचे. पण कोर्टातून कागद आला तर कोणाच्या नावानं, हे त्या ओळीवरून कळायचं. छापखाने-वर्तमानपत्रांसाठी १८६७ चा कायदा होता, आता त्याच्या जागी २०२३ चा आलाय.

चाटीगल्ली
जुनी माणसं संपादक कुठे म्हणायची? 'पत्र चालवतात' म्हणायची. सोलापूरच्या चार हुतात्म्यांतले कुर्बान हुसेनही 'गझनफर' चालवायचे. आता पोरं चॅनल चालवतात. क्रियापद तेच राहिलं बघा.

हुरडा_हंगामी
हे सगळं छान आहे, पण फॉरवर्डवाला? त्याच्या नावाची ओळ कुठेच नसते, म्हणून तर शब्द हवाय.

कडक_भाकरी
'ढकलपत्र' आहेच की. पाठवणारा ढकल्या.

जुळारी
लग्न पुढे ढकललं म्हणजे लांबणीवर टाकलं. हा तर क्षणाचाही उशीर करत नाही. आणि कॉलेजच्या पुस्तिकेत 'ढकल्या' छापणार?

विडी_घरकुल
मी हातमागाच्या घरातली. आमच्याकडे धोटा असतो, या काठावरून त्या काठावर नुसता धावतो. कांडीत जे सूत भरलंय तेच नेतो, स्वतःचं काही नाही. फॉरवर्डवाला म्हणजे धोटा.

शून्यलब्धी
शब्द सुंदर. पण धोट्यामागे कापड तयार होतं, इथे गुंता. शिवाय मागाला विणकर असतो.

विडी_घरकुल
गुंता धोट्यानंही होतो, दादा. सूत तुटलेलं कळलं नाही तर वीतभर खराब होतं आणि उसवत बसायला आई.

चाटीगल्ली
व्हॉट्सॲपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. आमचे सासरे पाच-पाच करून अख्खं गणगोत संपवतात. त्यांना तुमचा कुठलाच शब्द पुरणार नाही.

हुरडा_हंगामी
उद्या सकाळी छपाईला द्यायचंय. 'एडिटर' तसाच ठेवते, भाऊही खूश. 'ढकल्या' आणि 'धोटा' दोन्ही पेन्सिलीनं लिहून ठेवलेत.

जुळारी
'एडिटर' देवनागरीत लिहिलं म्हणून मराठी होत नाही. निषेध.

कडक_भाकरी
चाटीगल्ली, हे तेच सासरे का, बदामातले?