काटेकोरपणा हाताबाहेर गेला की त्याला मराठीत काय म्हणतात?

टिंबटिंब: एका कथेचं भाषांतर करतेय. त्यात एक क्लार्क आहे, ऑफिसचं पेन चुकून खिशातून घरी आलं म्हणून रात्री साडेदहाला ते परत ठेवायला निघतो आणि वॉचमन आत सोडत नाही तर फाटकाबाहेरूनच साहेबांना फोन करून कबुली देतो. मूळ शब्द 'स्क्रुप्युलस'. डिक्शनरीत काटेकोर, दक्ष, प्रामाणिक, पण हे सगळे कौतुकाचे शब्द झाले ना, त्याचा जाच कुठे आला त्यात?

अर्धविराम: पापभीरू.

कोपऱ्यातला: पापभीरू म्हटलं की कुणाच्या अध्यात ना मध्यात असा सरळमार्गी माणूस डोळ्यापुढे येतो, हा तसा नाही वाटत. काटेकोर माणूस हिशोब जुळला की झोपतो, याला जुळला तरी झोप नाही. लॅटिनमध्ये स्क्रुपुलस म्हणजे बारीक टोकदार खडा, चपलेत गेलेला खडा कसा पावलापावलाला टोचतो तसं. खडा टोचतो, मग आपली 'टोचणी' आहेच की!

निवांत: एवढं कशाला, मंत्रचळ म्हणा सरळ. कुलूप लावून चारदा ओढून बघणारा, धुतलेले हात परत धुणारा, त्यातलाच हा.

टिंबटिंब: मंत्रचळ म्हटलं की आजार वाटतो हो, आणि कथेत तसं कुठेच नाहीये.

कोपऱ्यातला: बरोबर, आणि ओसीडी म्हणजे मंत्रचळाचा खरा आजार असलेल्यांना हाच शब्द चेष्टेत ऐकावा लागतो, जपून वापरा. बाकी ही टोचणी भल्याभल्यांना लागलीये. इग्नेशियस लोयोला हा ख्रिस्ती संत १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला होता, तिथे धर्मगुरूपुढे कबूल केलेलीच पापं पुन्हा पुन्हा आठवून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. पुढे त्यानेच उदाहरण दिलंय, दोन काड्यांचा क्रूस झालाय, त्यावर चुकून पाय पडला आणि मग मन म्हणतं पाप झालं, लगेच म्हणतं नाही झालं, परत म्हणतं झालं. खरा स्क्रुपल, म्हणजे मनाची टोचणी, ती. काडी ती केवढी!

टिंबटिंब: वा, मग विशेषण सोडते आणि 'त्याला त्या पेनची टोचणी लागली' असं वाक्यच करते. पण पेनची की पेनाची? मगापासून चार वेळा बदललंय.

अर्धविराम: पेनाची. झोपा आता.