सुलोचनाला बोलपटाने संपवलं, हे मला पटत नाही

पुणेकर: सुलोचना म्हणजे रूबी मायर्स बरं का, आपल्या सुलोचनादीदी नव्हेत. १९०७ साली पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी, आधी टेलिफोन ऑपरेटर, मग इंपीरियल फिल्म कंपनीची मूकपटांतली सगळ्यात मोठी स्टार. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त (१९२७) एकटीने आठ भूमिका केल्या, माळी काय, पोलीस काय, केळीवाली काय! आणि जिथे बघावं तिथे एकच वाचायला मिळतं, १९३१ ला 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला, बाईंना हिंदुस्तानी येईना, झालं, संपल्या. अहो पण ती वर्षभर काम थांबवून भाषा शिकली ना, १९३२ ला 'माधुरी' घेऊन परत आली आणि तो चाललासुद्धा!

गिरगावकर: चालला, पण जुन्या नावावर. मूकपटात डोळे आणि चाल पुरायची. बोलपटात १९३५ च्या 'धूप छाँव'पर्यंत प्लेबॅक म्हणजे पार्श्वगायन नव्हतं, जो पडद्यावर दिसतो त्यानेच गायचं आणि तेही कॅमेरा चालू असताना. शिकवणीने उच्चार सुधारतील, गळा कुठून आणणार?

रेडिओवाली: गिरगावकरांशी सहमत. मास्टर विठ्ठलचं बघा की, आपला मराठी माणूस, स्टंटपटांचा राजा. 'आलम आरा'साठी शारदा स्टुडिओचं कॉन्ट्रॅक्ट मोडलं, प्रकरण कोर्टात गेलं, त्याच्या बाजूने वकील म्हणून जिना उभे राहिले. एवढं करून मिळालं काय, तर उर्दू जमत नाही म्हणून बराचसा वेळ गुंगीत असलेला हीरो. मला फार वाईट वाटतं त्याचं.

पुणेकर: विठ्ठलला शिकायला वेळ तरी कुठे दिला? सुलोचनाने तो घेतला, माझा मुद्दाच तो आहे. तिला मारलं ते स्टुडिओने, तिचेच जुने मूकपट पुन्हा बोलपट म्हणून काढून. 'इंदिरा बी.ए.'चं 'इंदिरा एम.ए.' (१९३४), 'अनारकली' परत (१९३५), 'वाइल्डकॅट'चं 'बम्बई की बिल्ली' (१९३६). आठ रोल एका पिक्चरमध्ये करणारी बाई आणि तिला नवीन काही सुचवावंसं कुणालाच वाटलं नाही?

गिरगावकर: नाही वाटलं, कारण तिच्या आवाजावर नवीन पिक्चर उभा राहील याची खात्री नव्हती. फिरून तुम्ही माझ्याच मुद्द्यावर आलात.

पुणेकर: खात्री करून घ्यायला एक तरी नवा रोल द्यावा लागतो. १९५३ च्या 'अनारकली'त ती सलीमची आई होती, दोनदा स्वतः अनारकली झालेली बाई. तेव्हाही बोलायचंच होतं की, आणि तिने केलं.