'पिक अप' आणि आपलं 'उचलणं'

'अप म्हणजे वर, मग पिक अप म्हणजे वर उचलणं, बाकी पाठांतराची गरज नाही' हे इंग्रजी 'पिक अप'बद्दलचं म्हणणं मला अर्धंच पटतं. खाली पडलेली किल्ली उचलण्यापुरतं ते चालेल. पण नागपूरच्या सीताबर्डीहून मैत्रिणीला पिक अप केलं, तर तिला कोणी उचलत नाही, स्कूटीवर घेऊन येतो!

मात्र मराठी इथे खूप कामी येते. फोन आपणही उचलतोच. नागपुरात घरी मराठी बोलणारं पोर गल्लीत खेळता खेळता हिंदी 'उचलतं', इंग्रजीतही भाषा अशीच 'पिक अप' करतात. कळमन्याच्या बाजारात संत्र्याला 'उठाव' आला म्हणतात, त्याला इंग्रजीत मागणी 'पिक अप' झाली म्हणता येईल. सर्दीला मात्र हे लागू नाही. इंग्रजीत ती पिक अप करतात, आपल्याकडे होते. उलट मजुरीची 'उचल' घेणं पिक अपने सांगता येत नाही.

मुलांना शिकवताना अर्थांची यादी देऊ नका, वाक्यं द्या. आणि एक नियम आवर्जून सांगा: सर्वनाम मधेच येतं. 'पिक इट अप' बरोबर, 'पिक अप इट' चूक.