मदत हवी आहे: अँटी-डम्पिंग शुल्काच्या फेरआढाव्यात लहान कारखान्याने म्हणणे कसे मांडावे?

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा हायड्रॉलिक सिलिंडरचा लहान कारखाना असून, त्यासाठीच्या आयात सीमलेस (बिनजोड) नळ्या आम्ही व्यापाऱ्याकडून घेतो. सीमाशुल्क दर अधिनियम, 1975 नुसार अँटी-डम्पिंग शुल्क (डम्पिंग, म्हणजे परदेशी माल त्याच्या मूळ देशातील सामान्य किमतीपेक्षा स्वस्तात इथे विकणे, याविरुद्ध आयातीवर लावलेले शुल्क) साधारणतः 5 वर्षांनी संपते. मात्र ते हटल्यास डम्पिंग आणि देशी उद्योगाची हानी चालू राहील किंवा पुन्हा उद्भवेल, असे फेरआढाव्यात आढळल्यास ते वाढवता येते, आणि आमच्यासारख्या वापरकर्त्यांसाठी हाच खरा निर्णायक टप्पा आहे. हा फेरआढावा घेणाऱ्या केंद्र सरकारच्या व्यापार उपाय महासंचालनालयाची प्रश्नावली वाचली, कस्टम एजंटालाही विचारले. पण त्याला केवळ आयातदारांची प्रक्रिया ठाऊक आहे. आमच्याकडे खरेदीची बिले आहेत, आयातीची कागदपत्रे नाहीत. दिल्लीचा वकील परवडणारा नाही. अशा स्थितीत आमचे थेट निवेदन विचारात घेतले जाते का, आणि त्याच्या अगोपनीय प्रतीत, म्हणजे इतर पक्षांना पाहता येणाऱ्या प्रतीत, खरेदीदर कितपत झाकता येतात?